ताई, तुम्ही हवेचा काटा दाखवलात

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

वैज्ञानिक डायव्हिंगचा, म्हणजे पाण्याखाली उतरून संशोधन करण्याचा, आमचा अभ्यासक्रम संपून विद्यापीठाचे नेहमीचे वर्ग सुरू झाले आहेत, तरी फ्लोरिडातील जिनी स्प्रिंग्जच्या झऱ्यात तुम्ही माझ्यासाठी जे केलेत ते मनातून हलत नाही. तोंडी आभार मी मानले होते. पण तुम्ही ते ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणून उडवून लावलेत. शिवाय ‘हे तुमचे काम नव्हे’ असे ज्या मराठी मुलामुलींना पाण्याच्या काठावर कोणी ना कोणी ऐकवले आहे, त्यांच्याही कानावर ही गोष्ट जावी असे वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझा पहिला डायव्हिंगचा कोर्स समुद्रात झाला. त्या प्रशिक्षकांचे नाव घेण्याचे कारण नाही. मास्कमध्ये पाणी शिरले की मला श्वास आवरत नसे, आणि अशा वेळी ते समोर येऊन मनगटावरचे घड्याळ बोटाने ठोकून दाखवत. बोटीवर सगळ्यांदेखत ‘सोलापूरकडच्या लोकांनी विहिरीतच पोहावे’ असा विनोदही त्यांनी केला होता आणि लोक हसलेही होते. डायव्हर तरंगून वर येऊ नये म्हणून त्याच्या कमरेला शिशाचे वजन बांधतात; माझ्या कमरेला त्यांनी गरजेपेक्षा बरेच जास्त शिसे बांधले होते. विद्यार्थी तळाला चिकटून राहिला की शिकवणाऱ्याचे काम हलके होते, हे मला पुढे तुमच्याकडून कळले. शेवटी त्यांनी कोर्स पूर्ण झाल्याचे कार्ड मात्र दिले. ज्यांना मी पाण्यात नको होते त्यांनीच मी पाण्यात उतरण्यास पात्र असल्याची सही करावी, याचा राग मला अजूनही येतो.

तो राग आणि ती भीती अशी दोन्ही ओझी घेऊन मी सांता फे नदीच्या काठावर आले होते. नदीचे पाणी कुजलेल्या पानांच्या रसाने चहासारखे तपकिरी झालेले, आणि त्याला येऊन मिळणारा झरा इतका नितळ की दोन पाण्यांमधली सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसावी. पावसाचे पाणी चुनखडीच्या थरांतून झिरपत, गाळून, भूगर्भात साठते आणि वर्षभर जवळजवळ 22 अंश सेल्सिअस तापमानाने वर येते, हे मी पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्षात पाण्याखाली डोके घातले तेव्हा मात्र पाणी दिसलेच नाही. दिसली ती फक्त उंची. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरीत तळ दिसत नाही, त्यामुळे आपण किती वर तरंगतो आहोत हे मनाला कळत नाही. इथे एखाद्या वाड्याच्या गच्चीवरून अंगणात पाहावे तसे तळाचे खडक, मासे आणि पांढरी वाळू दिसत होती, आणि पायाखाली काहीही नव्हते. स्वच्छ पाण्याची भीती वाटू शकते हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. तुम्हीच तेवढे म्हणालात की बहुतेकांना पहिल्यांदा असेच होते, आणि पुढच्या कामाला लागलात.

ते काम म्हणजे माझ्या पट्ट्यातून शिसे काढणे. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते, त्यामुळे समुद्रात लागणारे वजन झऱ्यात तसेच ठेवले तर माणूस बुडतच राहतो. तुम्ही एकेक तुकडा काढत मला पाण्यावर तरंगवून पाहिलेत, आणि तेवढ्यात सहज सांगितलेत की अमेरिकन अकॅडमी ऑफ अंडरवॉटर सायन्सेसच्या नियमांनुसार पाण्यात उतरायचे की नाही हा निर्णय डायव्हरचा स्वतःचा असतो आणि नकार दिल्याबद्दल त्याला कोणतीही शिक्षा होऊ शकत नाही. हा नियम आमच्या पुस्तिकेत छापलेला होता. पण जिला नकार द्यावासा वाटतो आहे तिला तो आधीच, कोणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगावा, हे कोणत्याही पुस्तिकेत नसते.

त्या दिवशीचे आमचे काम टेप ताणून, तिच्या कडेने ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची आणि चौकटीत शेवाळ किती, पाणगवत किती, शंख किती ते पाटीवर पेन्सिलीने लिहायचे, असे होते. खोली जेमतेम पंधरा-वीस फूट. शेजारून जाणाऱ्या एका सहाध्यायाच्या पायातल्या फिनचा (पोहण्याच्या वल्ह्यासारख्या पादत्राणाचा) फटका बसला, माझा मास्क सरकला आणि ते थंड पाणी नाकात शिरले. मास्क मी नीट बसवला, त्यातले पाणीही काढले. ते मला येत होते. आवरत नव्हता तो श्वास. डोळ्यांपुढे पृष्ठभाग चकाकत होता, आणि एका झेपेत तिथे पोहोचावे याखेरीज डोक्यात दुसरे काही उरले नव्हते. अशा वेळी श्वास रोखून वर झेप घेतली तर आतली हवा प्रसरण पावून फुप्फुसे फाटू शकतात, आणि त्या हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा बदल शेवटच्या काही मीटरमध्येच होतो, हे ठाऊक असूनही शरीर ऐकत नाही.

तुम्ही माझ्या जाकिटाचा पट्टा हलकेच धरलात. ‘ठीक आहे का’ अशी खूण केली नाहीत. केली असती तर मी सवयीने ‘ठीक आहे’ असेच खोटे उत्तर दिले असते. वर चलण्याची खूणही केली नाहीत. तुम्ही तुमचा प्रेशर गेज, म्हणजे टाकीत हवा किती उरली ते दाबावरून दाखवणारा काटा, उचललात आणि त्याची तबकडी माझ्याकडे वळवलीत. काटा दोन हजार पीएसआयच्या वर होता. मग तुम्ही तबकडीवर बोट ठेवलेत, ते बोट स्वतःकडे आणि मग माझ्याकडे वळवलेत, आणि तशाच तरंगत थांबलात.

ताई, याचा अर्थ मला त्या क्षणी पूर्ण कळला होता: हवा भरपूर आहे, ती तुझीही आहे, आणि मला कुठेही जायचे नाही. जलगुहांत जाणारे डायव्हर हवेचे तीन भाग करतात: एक आत जाण्यासाठी, एक परत येण्यासाठी, आणि तिसरा अडचणीसाठी राखून ठेवलेला, ज्यात जोडीदाराची अडचणही धरलेली असते. फ्लोरिडातल्या अनेक जलगुहांच्या तोंडाशी मृत्यूचे चित्र असलेले फलक लावले आहेत, कारण हे हिशेब न पाळता आत गेलेली माणसे परत आलेली नाहीत. आपण गुहेत नव्हतो, उघड्या पाण्यात होतो, आणि तिथे तो हिशेब लागूही नव्हता. तरी आपल्या हवेतला काही भाग मुळातच दुसऱ्याचा असतो असे मानणारी माणसे ज्या विद्येत तयार होतात, त्या विद्येबद्दल मला तेव्हापासून वेगळाच आदर वाटतो. समुद्रातल्या त्या गृहस्थांनीही हीच विद्या शिकली होती, हे मात्र मला कोडेच आहे.

श्वास खाली यायला किती वेळ लागला हे मी मोजलेले नाही. तुम्हीही मोजलेले नसावे, कारण तुमच्या मनगटावर वेळ आणि खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर असूनही तुम्ही तिकडे एकदाही पाहिले नाहीत. माझा श्वास शांत झाल्यावर तुम्ही टेपचे सुटलेले टोक उचलून माझ्या हातात दिलेत, जणू मध्ये काही घडलेच नव्हते. मला वाटते, मदतीइतकेच महत्त्व या शेवटच्या गोष्टीला होते. मदत केल्यावर समोरच्याला आपल्या उपकारात थोडा वेळ बसवून ठेवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. बाहेर आल्यावर तुम्ही तो प्रसंग गटापुढे काढला नाहीत, ज्याच्या फिनचा फटका बसला त्यालाही बाजूला घेऊनच समजावलेत, आणि दुपारच्या चर्चेत माझ्या पाटीवरच्या आकड्यांवर इतरांच्या आकड्यांइतकेच उलट प्रश्न विचारलेत. सज्जनपणा कधीकधी फार बोलका असतो. तुमचा तसा नाही, म्हणून मी इथे त्याच्या वतीने बोलते आहे.

त्या आकड्यांनीच मला पुढची दिशा दिली, हेही तुम्हाला सांगायचे आहे. परिसंस्थांचे अभ्यासक हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्याच सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यातील ऊर्जेच्या प्रवाहाचा अभ्यास 1957 साली प्रसिद्ध केला. वर्षभर तापमान आणि प्रवाह जवळजवळ स्थिर असलेला झरा ही निसर्गाने मांडून ठेवलेली प्रयोगशाळाच आहे, हे त्या अभ्यासावरून पटते. आज त्याच प्रदेशातल्या झऱ्यांत शेतीची आणि हिरवळींची खते, तसेच मैलापाणी भूजलात मुरून नायट्रेट, म्हणजे शेवाळाचे खाद्य, वाढले आहे. राज्याने झऱ्यांसाठी लिटरमागे 0.35 मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आहे आणि कित्येक झरे तिच्या पलीकडे गेले आहेत. पाणी काचेसारखे दिसते आणि तरीही खडकांवर शेवाळाची दाट लोकर चढलेली असते, हे मी माझ्या चौकटीत स्वतः मोजले. प्रबंधासाठी मी हाच विषय घेतला आहे. त्या दिवशी मी वर झेप घेतली असती तर जीव कदाचित वाचलाही असता, पण पुन्हा पाण्याखाली उतरून काही मोजण्याचा विचार मी केला नसता.

जानेवारीत तुम्ही भारतात येणार आहात असे कळले. आमचे गाव सोलापूरपासून फार दूर नाही, शेतात त्या दिवसांत हुरडा असतो, आणि आईला तुम्हाला भेटायचे आहे. मी त्या वेळी इथे विद्यापीठातच असेन, पण माझ्यासाठी थांबू नका. तिला मी पाण्यात घाबरले होते एवढेच सांगितले आहे. उरलेले तुम्ही सांगा, आणि समुद्रातल्या त्या गृहस्थांचे नाव तिने विचारलेच तर कृपा करून सांगू नका, कारण ती फोन केल्याशिवाय राहणार नाही.

आपली नम्र,
तुमच्या तुकडीतील एक विद्यार्थिनी