पंख्याचा वेग आवरणाऱ्या जाणकारांचे आभार
डेस्कटॉप सुरू करताच प्रोसेसरवरचा पंखा पूर्ण वेगाने घोंगावत असे आणि तापमान उतरले तरी तो मंदावत नसे. अशा वेळी मला वाट दाखवणाऱ्या सर्व अनोळखी जाणकारांचे मी मनापासून आभार मानतो. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) बदलण्याआधी पंख्याच्या तारा मोजा, असे आपल्यापैकी एकाने सुचवले. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर काळी, लाल आणि पिवळी अशा ३च तारा होत्या, मदरबोर्डवरील जोडणी मात्र ४ पिनांची. चौथ्या पिनेवरचा, वेग ठरवणारा पीडब्ल्यूएम संकेत अशा पंख्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून तो सतत १२ व्होल्टवर फिरतो, हे आपण न कंटाळता समजावलेत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पीडब्ल्यूएमऐवजी डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलण्याची पद्धत, निवडली, आणि काही क्षणांतच खोली शांत झाली.