चुन्यातला ‘चु’

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय सुन्या,

परवा फोनवर ‘जपानी शिकायचीय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारलंस आणि मी घाईत ‘नंतर सांगतो’ म्हणून फोन ठेवला. आज निवांत आहे, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे, लेका, इंग्रजीच्या वाटेने जाऊ नकोस. मी गेलो होतो. रोमन लिपीत शब्द पाठ करण्यात दोन महिने घातले, आणि सरावाचा पेपर हातात आला तेव्हा ‘नेको’ म्हणजे मांजर हे तोंडपाठ असूनही कागदावरचं मांजर ओळखता येईना. जपानीच्या दोन अक्षरलिप्या, हिरागाना आणि काताकाना. हिरागानाची मूळ अक्षरं 46, काताकानाचीही तेवढीच. रोज पाच वहीत गिरव, दहा दिवसांत हिरागाना उरकतो. क्रम तर बघ: आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासाची ही देणगी. काताकानातले ‘शि’ आणि ‘त्सु’ मात्र जुळे भाऊ आहेत, मी अजून फसतो.

या ‘त्सु’चा लोक उगाच बाऊ करतात. चुन्यातला ‘चु’ म्हण, झालं. आणि चिवड्यातला ‘चि’ तो त्यांचा ‘चि’. दोन्ही च आपल्या घरचेच. फक्त स्वराची लांबी सांभाळ: ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. एखाद्या मावशीला आजी म्हणालास तर निस्तर तूच!

आता हे वाक्य घे: ‘पुने कारा मुंबाई मादे देन्शा दे इकिमासु.’ पुण्या-हून मुंबई-पर्यंत ट्रेन-ने जातो. एकही शब्द जागचा हलला नाही! ‘नो’ म्हणजे आपलं चा-ची-चे, तेही लिंगाच्या भानगडीशिवाय. थंडीत ‘सामुई देस ने’ म्हणतात, त्यातला ‘ने’ म्हणजे चक्क आपला ‘ना’. म्हणून मनातल्या मनात मराठीतूनच भाषांतर कर. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे फुकट धडे हिंदीतूनही आहेत, ते कानावर पडू देत.

कांजीचं, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांचं, टेन्शन आत्ता नको. नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीत 2136 आहेत, पण सुटी चिन्हं घोकू नकोस, शब्दातून शिक. ‘निचियोबी’ म्हणजे रविवार. त्यात सूर्याचं चिन्ह दोनदा येतं, सुरुवातीला ‘निचि’ वाचायचं आणि शेवटी ‘बी’. सोमवारी चंद्र. वारांची नावं आपल्यासारखीच ग्रहांवरून!

एन-फाइव्हची, म्हणजे जपानीच्या सगळ्यात सोप्या पातळीची, परीक्षा जुलै-डिसेंबरात असते, पुण्यात केंद्र आहे. तिथे बोलायला लावत नाहीत, त्यामुळे पास होऊनही मुके राहिलेले पुष्कळ. तू आपला मोठ्याने वाच, घरचे हसले तर हसू देत.

काताकाना झाला की त्यात स्वतःचं नाव लिहून फोटो पाठव. त्यांच्याकडे ‘ल’ नाही, तेव्हा सुनील, आता तू ‘सुनिरु’. वहिनींना एवढ्यात सांगू नकोस.

तुझा,
बंड्या