पाणी उथळ हवे, कॅमेरा खिडकीआड हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाचा चटका वाढला की ‘पाखरांसाठी पाणी ठेवा’ अशी आवाहने वर्तमानपत्रांतून आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर सुरू होतात. त्यामागची कळकळ खरी आहे. पण नाशिकमधल्या अनेक गॅलऱ्यांत लटकणाऱ्या कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि खोल डबे पाखरांच्या सोयीचे नाहीत.

पाखरांना पाणी पिण्याइतकेच अंघोळीसाठीही लागते, आणि अंघोळ ती पाण्यात उभी राहून करतात. चिमणी, बुलबुल यांना एक-दीड इंच पाणी पुरते; साळुंकी, दयाळ यांना दोन इंच. भांडे याहून खोल आणि आतून गुळगुळीत असले की नखे रुतत नाहीत. पाणी खाली गेले की पाखरू आत वाकते, आणि आत पडलेच तर भिजल्या पंखांनी त्याला वर येता येत नाही. मोठ्या कुंडीखाली ठेवतात ती १२ ते १४ इंचांची मातीची ताटली सर्वांत उत्तम. ती खरखरीत असते, जड असते आणि पत्र्याच्या भांड्यासारखी तापत नाही. तिच्यात एक-दोन ओबडधोबड दगड असे ठेवा की माथा पाण्याबाहेर राहील. उन्हाळ्यात मधमाश्याही पाण्यावर येतात, त्या दगडांवर बसून पितात आणि बुडत नाहीत.

पाणी रोज बदलायचे, हे सगळ्यांना ठाऊक असते. घासायचे मात्र राहून जाते. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी तिथेच राहतात. काथ्याने कड घासून दोन दिवसांआड ताटली उन्हात कोरडी करा. साबण नको. शेजारी ज्वारी-तांदूळ टाकू नका. कबुतरांचा थवा कबजा घेतो, पाण्यात विष्ठा पडते आणि त्यांच्या घशाचा रोग त्याच पाण्यातून पसरतो.

ताटलीच्या आजूबाजूला सहा-आठ फूट मोकळी जागा हवी, कारण झुडपाला टेकून ठेवलेल्या ताटलीवर मांजर दबा धरते. बसायला जवळ एखादी सुकी फांदी मात्र हवीच. पाखरू थेट पाण्यावर उतरत नाही, आधी फांदीवर बसून चहूकडे बघते.

छायाचित्रणाची सुरुवात या फांदीपासून होते. आपल्याकडचे कॅमेरे हिवाळाभर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर या पाणपक्ष्यांच्या अभयारण्यात असतात. २०२० च्या जानेवारीत ते राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, तेव्हा ओढ साहजिक आहे. पण उन्हाळा लागला की स्थलांतरित बदके उत्तरेला जातात आणि कॅमेरे कपाटात. घरासमोरच्या पाखरांचा हंगाम नेमका तेव्हा सुरू होतो.

आधी खिडकीची दिशा पाहा. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी प्रकाश समोरून येतो आणि पाखरू काळे पडते. तिथे चारनंतर बसावे. इमारतीच्या सावलीत प्रकाश मऊ मिळतो. पश्चिमेच्या खिडकीला याच कारणाने सकाळ चांगली. उत्तरेची खिडकी बहुतेक दिवसभर चालते. फांदी खिडकीपासून साधारण तीन मीटरवर लावा. १५० ते ६०० मि.मी.ची बहुतेक लेन्स सव्वादोन ते पावणेतीन मीटरच्या आत फोकस करत नाही आणि ‘लेन्स बिघडली’ असे उगाच वाटते. फांदीमागे दहा-पंधरा फूट काही नसले की पार्श्वभूमी आपोआप विरघळते. भिंत लगेच मागे असेल तर कितीही महाग लेन्स घ्या, भिंत दिसणारच.

मच्छरदाणीची जाळी बाजूला सरकवा. काच उघडत नसेल तर ती पुसून लेन्सचे रबरी हूड (पुढची कड) तिला सरळ टेकवा. तिरप्या काचेतून चित्र धूसर येते. खोलीतला दिवा बंद, पडद्याला फट, आणि ट्रायपॉड आधीपासून जागेवर. पहिले आठ-दहा दिवस फोटो काढूच नका, पाखरांना जागा ओळखीची होऊ द्या.

फांदीवर बसलेल्या पाखराला १/५०० सेकंदाचा शटर वेग पुरतो. अंघोळीचे तुषार गोठवायला १/१६०० लागतो. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ५.६ किंवा ६.३, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटो. दयाळ काळा-पांढरा असतो, मागे गडद पाने असली की कॅमेरा चित्र उजळवतो आणि पंखावरचा पांढरा पट्टा जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. चित्र जरा गडद यावे म्हणून एक्स्पोजर उणे ०.७ ठेवा. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावले तर उडत्या पाखराचे पंख वाकडे येऊ शकतात, ते बसलेल्यासाठीच ठेवा. बुलबुल चोचीत पाणी घेऊन मान वर करतो, त्या क्षणी डोळ्यात चमक येते. होला (कबुतराच्या कुळातले लहान पाखरू) मान वर न करता पाणी शोषून घेतो, तिथे तो पाण्यावरून डोके उचलेपर्यंत थांबावे. शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे इवले पाखरू, ताटलीत क्वचित उतरेल. झाडांना पाणी घातल्यावर ओल्या पानांवर अंग घासताना तो सापडतो. आणि सगळी पाखरे एकदम गप्प झाली तर वर बघा, बहुधा शिक्रा हा शिकारी पक्षी आलेला असतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते. याच महिन्यांत बुलबुल कुंडीतल्या झाडात, शिंजीर गॅलरीतल्या वायरीवर घरटे करतो. पिल्ले ‘नीट दिसावीत’ म्हणून समोरची पाने कापली जातात. ती पाने म्हणजे पिल्लांची सावली आणि लपण. ती गेली की ऊन लागते, कावळा आणि भारद्वाज घरटे हेरतात. माणूस जवळ उभा असेपर्यंत आई-बाप चारा घेऊन लांब थांबतात. पंख फुटत आलेली पिल्ले घाबरून वेळेआधी उडी मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे ‘शिकार’ या व्याख्येतच येते. बुलबुलाचे घरटे अंड्यांपासून रिकामे होईपर्यंत चार आठवडेही लागत नाहीत. तेवढे दिवस त्या कोपऱ्यातली झाडलोट थांबवावी, झाडाला पाणी लांबून घालावे.

वाचकांनी पाठवलेली छायाचित्रे वर्तमानपत्रे हौसेने छापतात. आपल्याला विनंती आहे की घरट्यातल्या पिल्लांचे छायाचित्र कितीही सुंदर असले तरी छापू नये, आणि का छापत नाही ते त्या जागी दोन ओळींत लिहावे.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक, नाशिक