उलटं की सुलटं?

बँगोर, मेन, अमेरिका
७ जुलै

प्रिय सतीश,

पत्राला उशीर झाला, आधी शिव्या घालून घे. पण निमित्तही तसंच आहे. परवाची अख्खी सकाळ मी एका दलदलीत, फळ्यांच्या वाटेवर पालथा पडून काढली. सोबतीला डास.

तिथे ग्रास पिंक नावाचं ऑर्किड फुललंय. शास्त्रीय नाव कॅलोपोगॉन ट्यूबरोसस. खाली पाणी पिऊन फुगलेलं स्फॅग्नम शेवाळ. जमीन इतकी निकस की शेजारच्या घटपर्णी किडे खाऊन दिवस काढतात. त्यातून गवतासारखं एकच पान आणि हातभर दांड्यावर गडद गुलाबी फुलं.

ऑर्किडचा ओठ, म्हणजे ती एक वेगळी दिसणारी पाकळी, खाली असतो, हे तूच शिकवलेलं. इथे तो वर! म्हटलं, फूल उलटं उमललंय. घरी येऊन वाचलं तर भलतंच. बहुतेक ऑर्किडं कळीतच अर्धा वळसा घेतात, म्हणून त्यांचा ओठ खाली येतो. हे बेटं वळतच नाही. म्हणजे सुलटं हेच, बाकी सगळ्यांचं शीर्षासन.

त्या ओठावर पिवळ्या केसांचा झुपका असतो. कॅलोपोगॉन म्हणजे ग्रीकमध्ये सुंदर दाढी, ती हीच. मधमाशीला वाटतं पराग आहे. तिथे पराग नाही, मधाचा थेंबही नाही. एक चिमुकली माशी आली, बसली, उडाली, ओठ ढिम्म. मग आली एक बंबलबी, म्हणजे जाडजूड केसाळ मधमाशी. दाढीला बिलगली मात्र, ओठ बिजागरी सुटल्यासारखा खाली आला आणि बाईसाहेब पाठीवर आपटल्या, थेट खालच्या स्तंभावर, म्हणजे फुलाचे पराग आणि कुक्षी असतात त्या दांडीवर. तिथून घसरत टोकाशी, आणि भुर्र. पाठीला परागाचा पिवळसर गोळा चिकटलेला! डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं. फोटो विचारू नकोस, मोबाइल खिशात होता.

पण फुलाचं काम एवढ्यावर भागत नाही. तीच माशी दुसऱ्या फुलावर पुन्हा फसली, तरच तो गोळा तिथल्या कुक्षीला, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाला, लागणार. नवख्या माश्या फसतात, पण लवकर शहाण्याही होतात. त्यामुळे फळं थोडीच धरतात. मी मनातल्या मनात "जा गं, त्या पलीकडच्यावर जा" म्हणत होतो. ती दोन दांडे ओलांडून सरळ निघून गेली.

रविवारी पुन्हा जातोय. तुझं ते दहापट भिंग अजून आहे का? असेल तर पाठव, डासांचं मी बघतो.

तुझा,
विनू