जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

महोदय,

विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही जुन्या संगणकांत बहुधा नसलेली सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्याने आमच्या देवगडात एरवी ठणठणीत असलेले संगणकही भंगारात काढण्याची भाषा सुरू झाली आहे. आंबापेट्यांचे हिशेब ठेवणारा माझा संगणक त्यांपैकीच. खाऱ्या हवेने कळफलकाची दोन बटणे बसली आहेत, इतकेच. त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत, मुक्त प्रणाली मी आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली, प्रिंटर आणि वायफाय चालतात याची खात्री केली आणि मगच ती बसवली; मराठी टंकनासाठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही त्यात मिळाला. अडले ते युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेताआधीच्या फाँटमधल्या जुन्या पत्रांपाशी, जी अगम्य चिन्हांत उघडली, आणि केवळ विंडोजसाठी बनलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपाशी. तेवढ्यासाठी मुलाच्या नव्या लॅपटॉपवर विंडोजच ठेवले आहे, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे वापरली जाते. आमच्याकडे मात्र ती बसवून देणारा दुरुस्तीवाला शोधावा लागतो, आणि विंडोजच्या परवान्याच्या किमतीपेक्षा ही अडचण मला मोठी वाटते. रत्नागिरी व मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांनी पावसाळ्यात, बागायतदार मोकळे असताना, यासाठी एखादे शिबिर घ्यावे, ही विनंती.

— एक आंबा बागायतदार, देवगड