रस्ता झाला, आता खोदायला कधी घेताय?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,
स.न.वि.वि.

एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जाहीर केलं होतं की २०२४-२५ पर्यंत महामार्गांलगत सुमारे १०,००० किलोमीटर ऑप्टिकल फायबर टाकू. दिल्ली–मुंबईचे १,३६७ आणि हैदराबाद–बंगळूरचे ५१२ किलोमीटर पथदर्शी ठरले. ते आर्थिक वर्ष कधीच सरलं. त्यातले झाले किती, कळेल का? गेल्या आठवड्यात रुंदीकरणाच्या पोकलेनने आम्ही महामार्गालगत टाकलेली फायबर केबल पुन्हा तोडली, म्हणून हे विचारायची वेळ आली.

विनंती साधी आहे. रस्ता बांधतानाच हद्दीच्या कडेला, भरावाच्या पायथ्याबाहेर, ४० मिमीचे निदान चार रिकामे एचडीपीई (टणक प्लास्टिकचे) पाइप पुरा. मोऱ्या आणि पूल बांधतानाच त्यांतून स्लीव्ह, म्हणजे हे पाइप ओवायच्या मोठ्या नळ्या, सोडा. पाइपांच्या तोंडाला प्लग लावा, नाहीतर पहिल्याच पावसात गाळ भरतो आणि हवेच्या दाबाने ढकललेली केबल मध्येच अडते. पाइप स्वच्छ असेल तर कंप्रेसर लावून एका दमात किलोमीटरभर केबल जाते, डांबराला हातही लागत नाही. मग हे पाइप सगळ्या कंपन्यांना एकाच दराने भाड्याने द्या.

सध्या काय चालतं? रस्ता पूर्ण होतो आणि मग आम्ही चर खणतो. खोली हवी १.६५ मीटर. कातळ लागला की ठेकेदार अर्ध्यावर थांबतो, वर काँक्रीटही टाकत नाही. पुढे क्रॅश बॅरियरचा खांब ठोकला की तो थेट पाइपातून जातो. थराथराने धुम्मस न केलेली माती पावसाळ्यात बसते, साइडपट्टी खचते. तुमचे अभियंते चिडतात ते उगाच नाही. पण हा चर खणायची वेळ आणली कोणी?

आणि केबल तुटली की एका जागी तुटत नाही. पोकलेन ती ओढतं, आतले तंतू दोन्हीकडे लांबपर्यंत ताणले जातात. खराब तुकडा काढून नवा घालायचा, म्हणजे दोन जॉइंट. २४ तंतूंची केबल असेल तर ४८ स्प्लाइस, म्हणजे तंतूला तंतू जोडणं, तेही चिखलात, रात्री, ताडपत्रीखाली. खोदण्याआधी सूचना देणं नियमाने बंधनकारक आहे. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये गाजावाजा करून 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप काढलं. वर्षाला सुमारे दहा लाख वेळा केबल तुटते, ३,००० कोटींचं नुकसान होतं, हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. पोकलेनवाल्याला सांगायचं मात्र राहून गेलं!

परवानगीचं तर विचारूच नका. केबल टाकण्याच्या परवानगीच्या २०१६ च्या नियमांत होतं, साठ दिवसांत निर्णय, नाहीतर परवानगी मिळाली असं समजा. १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम आले. परवानगी मिळाली असं आम्ही समजतो हो, पण जेसीबी जप्त करायला आलेला माणूस समजत नाही. मुदत संपत आली की 'नकाशा अस्पष्ट' असा शेरा येतो आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून.

दूरसंचार खातं नियम करतं, रस्त्यांचं खातं म्हणतं आम्हाला पत्र नाही, वन खात्याची फाइल तिसरीकडेच. पाण्याचं टेंडर वेगळं, गॅसचं वेगळं, फायबरचं वेगळं. खड्डा तोच, आणि दर वेळी पैसे नव्याने. गावागावांत इंटरनेट नेण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली होती, साहेब. अडीच लाख ग्रामपंचायती! तेव्हा पहिलीत असलेली पोरं आज पदवीला आहेत.

पुढच्या प्रत्येक महामार्गाच्या टेंडरमध्ये दोन कलमं घाला. पाइप पुरून, आतून मँड्रेल (मापाचा ठोकळा) फिरवून मोकळे असल्याची चाचणी झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला नाही. आणि सूचना न देता केबल तोडली, तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या पुढच्याच बिलातून कापायचा.

आपले,
महामार्गालगत फायबर टाकणारे आणि तुटलं की जोडणारे