डॉक्टरकाका, तुम्ही नाक मुरडलं नाहीत

आदरणीय डॉक्टरकाका,
सा. न.

गोरिलांवरचा माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट मंजूर झाल्याचं फोनवर सांगितलं, पण रडू आल्यामुळे बाकीचं राहून गेलं. ते आज सगळ्यांसमोर लिहितेय.

पिंजऱ्यातले बरेच गोरिला खाल्लेलं हातावर ओकतात आणि परत खातात, जेवणानंतर कितीतरी वेळा. जंगलातल्या गोरिलांमध्ये हे दिसत नाही. एमएस्सीला हा विषय मांडला तेव्हा विभागात हशा पिकला. "शी! आणि मुंबईत गोरिला आहे तरी का?" ज्यांनी मार्गदर्शन करायचं, त्यांनी शीर्षकाच्या पुढे वाचलंसुद्धा नाही. ते अजून सलतं.

तुमची माझी ओळखही नव्हती. तरी तुम्ही चेहऱ्यावर आठी न आणता विचारलंत, "त्यांना खायला काय देतात?" मी म्हटलं, "बऱ्याच ठिकाणी पिठाची तयार बिस्किटं."

पुढच्या खेपेला दादरला तुमच्या घरी आले, तर टेबलावर वर्तमानपत्र अंथरून लाल माठाच्या जुड्या ठेवलेल्या, शेजारी बशीत बिस्किटं. या वयात सकाळी मंडईत जाऊन तुम्ही माझ्यासाठी भाजी आणली होतीत! बिस्किट दोन घासांत संपवलंत. मग माठाचा कच्चा देठ मला दिलात, एक स्वतः घेतलात. किती वेळ आपण नुसते चावत होतो. दातांत धागे अडकले. "जंगलात गोरिलाचा निम्मा दिवस यात जातो," तुम्ही म्हणालात. "इथे पिठाचं खाणं पटकन संपतं. मग दिवसभर त्यानं करायचं काय?"

अमेरिकेत क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहालयातल्या बेबॅक आणि मोकोलो या दोन नर गोरिलांबद्दल मी वाचलं होतं. बिस्किटं बंद करून त्यांना ढीगभर पालेभाज्या आणि अल्फाल्फा (लसूणघास) दिला. खाण्यातला वेळ दिवसाच्या चौथ्या हिश्श्यावरून निम्म्याच्या वर गेला, उष्मांक दुप्पट घेऊनही प्रत्येकाचं वजन सुमारे ३० किलोंनी उतरलं, आणि ओकून खाणं थांबलं. पिंजऱ्यातले बरेच नर गोरिला हृदयविकारानं दगावतात, म्हणून वजनाचं महत्त्व वेगळंच. पण हे सगळं एका धाग्यात ओवलं गेलं ते तो देठ चावताना.

शिकलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत. अनोळखी पोरीच्या प्रश्नाला मान देणारी थोडी. मुक्या जनावराच्या वागण्याला घाण न म्हणता त्याचं कारण शोधणारी त्याहून थोडी. तुमच्यासारख्यांमुळेच आमच्यासारख्यांचा धीर टिकतो.

बांधलेली प्रत घेऊन रविवारी येते. आहाराच्या प्रकरणावर लाल पेन चालवाच.

तुमची,
परळची विद्यार्थिनी